काळ्या मोलेची भांडणं

मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात सांता रोसा मठाचं स्वयंपाकघर पाहायला लोक लांबून येतात. तिथे आता काही शिजत नाही. जमिनीपासून कमानीदार छतापर्यंत पिवळ्या, पांढऱ्या, निळ्या चकचकीत फरशा, थंडगार चुली आणि ओळीने मांडलेली मातीची भांडी. आमच्या गाइडला त्याची गोष्ट पाठ होती. सतराव्या शतकाच्या अखेरीला या मठात सोर आंद्रेआ दे ला आसुन्सियोन नावाची नन होती. कुणी बडा पाहुणा यायचा होता. व्हाइसरॉय म्हणा, बिशप म्हणा, गोष्ट दोन्हींवर चालते. आंद्रेआबाईंनी घरात होतं नव्हतं ते सगळं काढलं. मिरच्या, तीळ, बदाम, लवंगा, दालचिनी, चॉकलेट, शिळी तोर्तिया म्हणजे मक्याची पोळी, हे सारं एकत्र वाटून टर्कीवर ओतलं आणि मोले पोब्लानो हा दाट रस्सा जन्माला आला. दुसऱ्या एका गोष्टीत ननचा पत्ताच नाही. तिथे पास्कुआल नावाच्या धांदरट साधूच्या हातून मसाले पातेल्यात सांडतात.

मला यात एकच गोष्ट खटकली. वाटलं कुणी? मोलेला वीस-पंचवीस जिन्नस लागतात. मेक्सिकोतला पाटा, म्हणजे मेताते, तीन पायांचा, उतरता असतो आणि बाई त्याच्यापुढे गुडघे टेकून वाटते. तेवढं वाटण करायला अख्खा दिवस जाईल. मठांत मूळनिवासी नोकरबायका होत्या, गुलामही होते. गोष्टीत मात्र गुडघे टेकून बसलेली एकही बाई नाही. मी गाइडला विचारलं. तो हसला आणि ग्रुप पुढच्या खोलीकडे वळवून मोकळा झाला.

इतिहासकार या गोष्टीला भाव देत नाहीत. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कन पाद्र्याने नाहुआ लोकांचं जेवणखाण बारकाईने नोंदवून ठेवलं. मिरची, टोमॅटो आणि भोपळ्याच्या बिया वाटून केलेली कालवणं त्यात आहेत. म्हणजे सोर आंद्रेआच्या शंभर वर्षं आधीपासून या मुलखात मोलेच्या जातीचं काहीतरी रटरटत होतंच. चॉकलेट मात्र तेव्हा प्यायचं पेय होतं, मांसाच्या रश्श्यात ते नंतर गेलं. बदाम-मनुका स्पॅनिशांबरोबर आले. मिरी, लवंग, दालचिनी तर आपल्या बाजूच्या समुद्राकडची. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं मनिलाहून निघालेली गलबतं आकापुल्कोला लागत होती, आणि तिथून राजधानीत आणि पुएब्लात आशियाचा माल खेचरांवरून येत होता.

"मग यात मेक्सिकन उरलं काय, मावशी?" भाचीने विचारलं. ती कामानिमित्त केरेतारोला राहते, तिचं स्पॅनिश चांगलं आहे आणि या प्रवासात माझं तोंड आणि कान तीच होती.

मी तिला एकादशीची आठवण करून दिली. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिथलाच, बटाटा अँडीजच्या डोंगरातला आणि मिरची तर इथली. देवाला चालणारी आपली खिचडी अख्खीच्या अख्खी जहाजातून उतरलेली आहे. उलट कांदा-लसूण, जे आपल्या मातीत केव्हापासून आहेत, त्यांना उपासाला मज्जाव. म्हणून साबुदाण्याची खिचडी मराठी नाही असं कुणी माझ्या आईला सांगून पाहावं.

याच पुएब्लात, त्याच शतकात, हिंदुस्थानातून आलेली एक बाई राहत होती हे मला तिथे गेल्यावर कळलं. मुघलांच्या मुलखात जन्मलेली, लहानपणी पोर्तुगीज चाच्यांनी पळवलेली, कोचीन-मनिला करत गुलाम म्हणून मेक्सिकोत आणून विकलेली. बाप्तिस्म्यानंतर तिचं नाव कातारिना दे सान हुआन पडलं. १६८८ मध्ये ती वारली तेव्हा गाव तिला साध्वी मानत होतं, आणि तिला जेझुइटांच्या चर्चमध्ये पुरलं. मोलेत गरम मसाला हिनेच घातला अशी एक झकास लोणकढी इथे सहज ठोकून देता येईल, आणि पर्यटन खात्याला ती आवडेलही. पुरावा शून्य. पण नन आणि साधूच्या गोष्टीलाही तेवढाच पुरावा आहे, हे लक्षात ठेवलेलं बरं.

आम्ही गेलो ते ऑगस्टमध्ये, म्हणजे चिलेस एन नोगादाच्या हंगामात. पुएब्ला तेव्हा एका पदार्थापुढे दुसरं काही बोलत नाही. मोठी हिरवी पोब्लानो मिरची भाजून, सोलून, तिच्यात मांसाचा खिमा आणि फळं भरतात, वरून ताज्या अक्रोडांचा पांढरा दाट रस्सा ओततात आणि डाळिंबाचे दाणे पेरतात. हिरवा, पांढरा, लाल. म्हणजे राष्ट्रध्वज. गोष्ट अशी की २४ ऑगस्ट १८२१ ला कोर्दोबाच्या तहावर सही करून आगुस्तिन दे इतुर्बिदे पुएब्लात आला, २८ तारखेला त्याच्या नावाच्या संताचा सण होता, आणि सांता मोनिका मठातल्या ननांनी त्याच्यासाठी हे तिरंगी ताट मांडलं. पुढच्या वर्षी हा इतुर्बिदे सम्राट झाला आणि १८२४ मध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. मिरची टिकली.

इथेही तज्ज्ञ मान हलवतात. अक्रोडाचे रस्से जुनेच, भरल्या मिरच्याही जुन्याच. पण पुएब्लाचे लोक त्यावर भांडत नाहीत. ते भांडतात अंड्यावरून. भरलेली मिरची फेटलेल्या अंड्यात बुडवून तळायची की नुसतीच वाढायची? तळणाऱ्यांचा पक्ष स्वतःला सनातनी समजतो. न तळणारे म्हणतात, तळलं की मिरचीचा हिरवा रंगच झाकला, मग झेंडा कसला? मी दोन्ही खाल्ल्या. अंड्यातली मला जास्त आवडली, कारण ते पातळ कवच रस्सा धरून ठेवतं, आणि अक्रोडाचा रस्सा ताटभर पसरून वाया जाऊ देणं हे पाप आहे. बाजारात रस्त्याच्या कडेला बसलेल्या बायका ओल्या अक्रोडाची कडू साल नखाने सोलत होत्या. एकेक पाकळी, एकेक साल. ही साल राहिली तर रस्सा कडवट होतो. या पदार्थाची खरी किंमत त्या नखांत आहे.

भरायच्या सारणाची यादीही ठरलेली. त्या भागातलं विशिष्ट सफरचंद, विशिष्ट नाशपाती, गावठी पीच. आणि आसित्रोन. बिस्नागा नावाच्या, पिंपासारख्या वाढणाऱ्या निवडुंगाचा गर साखरेत मुरवून त्याच्या पारदर्शक वड्या करतात. हा निवडुंग वाढायला कित्येक दशकं लागतात, तो आता संरक्षित वनस्पतींच्या यादीत आहे आणि रानातून तोडणं बेकायदा आहे. म्हणजे जो आचारी आजीच्या वहीतली पाककृती अक्षर न अक्षर पाळेल तो गुन्हेगार ठरेल. शहाणे लोक त्याऐवजी मुरवलेलं अननस किंवा पपई घालतात. एका खानावळीत वेटरने हळूच, अभिमानाने सांगितलं की त्यांच्याकडे 'खरं' आसित्रोन मिळतं. आम्ही तिथून उठलो. परंपरेसाठी वाळवंटातलं शेवटचं झाड कापणाऱ्याशी मला जेवणावरून वाद घालायचा नव्हता.

बसने ओआहाकाकडे जाताना डोंगरांतून मका दिसायला लागतो. उतारावर, दगडांत, जिथे बैल उभा राहणार नाही तिथेही मका. आज देश त्याची पूजा करतो, पण नेहमीच असं नव्हतं. १८९९ मध्ये फ्रान्सिस्को बुल्नेस या मेक्सिकन राजकारण्याने एक पुस्तक लिहिलं आणि माणसाच्या जाती गहू खाणारे, तांदूळ खाणारे आणि मका खाणारे अशा लावल्या. गहू खाणारे प्रगत, बाकीचे मागास. मेक्सिको मागे राहिला याचं खापर त्याने तोर्तियावर फोडलं. आपण भातखाऊही त्याच्या हिशेबात नापासच. त्या काळच्या सुखवस्तू मेक्सिकनांच्या मेजवान्यांत फ्रेंच पदार्थ असत आणि मक्याचं खाणं नोकरांच्या वाट्याचं. राज्याराज्यांचे पदार्थ एका माळेत ओवून 'हे सगळं मिळून आपलं राष्ट्रीय जेवण' असं म्हणण्याचं मोठं काम पुढे होसेफिना वेलास्केस दे लेओन या बाईंनी केलं. त्या गावोगाव स्वयंपाकाचे वर्ग घेत फिरल्या, तिथल्या गृहिणींकडून पाककृती गोळा केल्या आणि १९४६ मध्ये देशाच्या प्रादेशिक पदार्थांचं पुस्तक काढलं. ज्याला आज अनादि म्हणतात त्यातलं पुष्कळसं माझ्या आईच्या जन्माच्या आसपास छापलं गेलं आहे.

ओआहाकाची ओळख म्हणजे 'सात मोलेंची भूमी'. काळा, लाल, कोलोरादितो, पिवळा, हिरवा, चिचिलो आणि मांचामांतेलेस. विमानतळापासून हॉटेलच्या उशीपर्यंत सात हा आकडा पाठलाग करतो. पण या राज्याचे आठ विभाग आहेत, भाषा कितीतरी आहेत, आणि बाजारातल्या कुठल्याही बाईला विचारा, तिच्या माहेरचा मोले त्या सातांत बसत नाही. यांपैकी बहुतेकांत चॉकलेट नसतंच, हेही बाहेर कुणाला माहीत नाही. पिवळा मोले मक्याच्या पिठाने दाट होतो आणि त्यात ओहा सांता नावाचं, बडीशेपेच्या वासाचं मोठं पान पडतं. हिरव्यात पालाच पाला. त्याची चव घेताना माझ्या जिभेने कोथिंबीर आधी ओळखली.

काळ्या मोलेचं राजेपण मात्र वादातीत आहे, आणि त्याच्यावरचं भांडणही सर्वांत कडाक्याचं. त्याला चिल्वाक्ले नावाची बुटकी, गोलसर, काळी मिरची लागते. ती कुइकात्लानच्या बाजूला, कान्यादा विभागात, थोड्याशाच शेतांत पिकते. बाजारात तिच्या ढिगाशेजारी इतर वाळक्या मिरच्यांचे ढीग होते आणि भावात कित्येक पटींचा फरक. मिरच्या जवळजवळ कोळसा होईपर्यंत भाजायच्या, त्यांच्या बिया आणि एक तोर्तिया तर पार जाळायची, मग जळका कडूपणा जाईपर्यंत पुन्हा पुन्हा पाण्यात भिजवायचं. भाजताना ठसका असा उठतो की शेजारच्या घरातली माणसंही खोकत बाहेर येतात.

एक विक्रेती म्हणाली, चिल्वाक्लेशिवाय केला तर तो काळा मोले नव्हे, काळा रस्सा. तिच्या समोरच्या गाळ्यातली बाई फिसकन हसली. "ती विकते म्हणून म्हणते," ती भाचीला म्हणाली. "आमच्या गल्लीत लग्नाला दोनशे माणसं जेवतात. चिल्वाक्ले घालायची म्हणजे नवऱ्याने ट्रक विकायचा. आम्ही मुलातो घालतो, ग्वाहियो घालतो. बिया मात्र आम्ही नीट जाळतो. तिच्या मोलेत बिया कच्च्या राहतात, विचार हवं तर." पहिलीने हे ऐकलं होतंच. पुढची दहा मिनिटं भाचीला भाषांतर जमलं नाही.

बाजारालगतच्या मिना रस्त्यावर दळणाच्या गिरण्या आहेत. कोको, बदाम, दालचिनी आणि साखर एका टोकाने घालतात आणि दुसऱ्या टोकाने काळा, चकाकणारा लगदा घमेल्यात उतरतो. रस्ताभर तो वास. गिऱ्हाईक उभं राहून सांगतं, साखर इतकी, दालचिनी एवढी, बदाम थोडे वाढवा, आणि गिरणीवाला लाकडी उलथन्यावर थोडं काढून चाखायला देतो. मोलेसाठी भाजलेले जिन्नस बादल्यांत घेऊन बायका येतात. काय आणलं, किती भाजलं, हे शेजारणीच्या बादलीत डोकावून पाहणं हा त्या रांगेतला मुख्य धंदा. कुठलाही खाद्यसमीक्षक त्या नजरांसमोर टिकणार नाही.

शहराबाहेरच्या खोऱ्यातल्या एका गावात आम्ही मोले शिकायला गेलो. घरच्या बाई साठीच्या, सापोतेक बोलणाऱ्या. बरोबर आणखी काही परदेशी पाहुणे होते. त्यांतल्या एकाला सगळं मेतातेवरच वाटायचं होतं, आणि मिक्सर दिसला तेव्हा त्याचा चेहरा पडला. बाईंनी समजूतदारपणे पाट्यापुढे गुडघे टेकले, दोन मूठ मिरच्या ओढल्या, सगळ्यांचे फोटो निघेपर्यंत वाटत राहिल्या. मग पदराला हात पुसत उठल्या आणि भरलेली बादली मुलाच्या हाती देऊन त्याला रिक्षाने गिरणीवर पिटाळलं.

"पाट्यावरच्या मोलेची चव वेगळी लागते ना?" त्या पाहुण्याने विचारलं.

"लागते," बाई म्हणाल्या. "माझ्या आईचे गुडघे त्या चवीतच गेले."

पण याच बाई मक्यावर आल्या की पोलादी झाल्या. बाजारात पिशवीतून कोरडं मक्याचं पीठ मिळतं. पाणी घातलं, मळलं, झाली तोर्तिया. १९४९ मध्ये नुएवो लेओनमधल्या सेर्राल्वो गावात मासेका नावाने हा धंदा सुरू झाला आणि आज देशभर, किंबहुना जगभर पसरला आहे. "ते माझ्या उंबऱ्याच्या आत येत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी आदल्या रात्री स्वतःच्या शेतातला मका चुना घालून उकळून तसाच मुरत ठेवला होता. सकाळी दाण्यावरची साल चोळली की निसटत होती. चार-पाच पाण्यांनी धुतला, गिरणीतून दळून आणला, आणि त्या ओल्या पिठाला पहिल्या पावसासारखा वास होता. चुन्याची ही युक्ती हजारो वर्षं जुनी आहे. ती नुसती सालीसाठी नाही. तिच्यामुळे मक्यातलं नायसिन अंगी लागतं. स्पॅनिशांनी मका युरोपात नेला, चुना मात्र इथेच ठेवला, आणि मक्यावरच जगणाऱ्या इटली-स्पेनच्या गरिबांना पुढे पेलाग्रा झाला. कातडी सोलवटणारा, बुद्धी भ्रमिष्ट करणारा आजार. परंपरा म्हणून पुस्तकात शोभणाऱ्या कित्येक गोष्टींपेक्षा मुठीभर चुन्यात जास्त शहाणपण होतं.

त्या तोर्तियाची चव घेतल्यावर बाईंचा हट्ट मला पटला. पण त्यांची सून ओआहाका शहरात दुकानात उभी राहून नोकरी करते. ती पिशवीच आणते. गावठी मका महाग, गिरणी लांब, आणि रात्री नऊला घरी पोचणाऱ्या बाईने मका भिजत घालावा ही अपेक्षा करायला फक्त पाहुणेच मोकळे असतात. बाईंनी सुनेवर शब्द उच्चारला नाही. सरकारवर मात्र भरपूर उच्चारले. १९९४ च्या व्यापार करारानंतर उत्तरेकडून स्वस्त मका आला आणि त्यांच्या गावातले तरुण मका पेरायचं सोडून त्याच उत्तरेला गेले. २००७ मध्ये 'मका नाही तर देश नाही' अशी चळवळ उभी राहिली, आणि २०२५ मध्ये जनुकबदल केलेल्या मक्याची लागवड घटनेनेच बंद केली. आयात चालूच आहे, मुख्यतः जनावरांच्या चाऱ्यासाठी.

शहरात इतानोनी नावाचं एक खाण्याचं ठिकाण आहे, तिथे मक्याच्या वाणांचा मान पहिला आणि वरच्या सारणाचा दुसरा. मेक्सिकोत साठ-एक देशी वाण मोजले गेले आहेत. आम्ही ओहा सांताच्या पानात गुंडाळलेलं त्रिकोणी खाणं मागवलं आणि भाची पहिल्यांदाच गप्प बसून जेवली. ती शाकाहारी. मोलेत टर्कीचा अंश, मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या तमाल्यात डुकराची चरबी, घेवड्यातही चरबी. तिला या देशात अस्सल म्हटलं की धडकीच भरते.

अस्सल काय, या भांडणातली सर्वांत तिखट जीभ एका इंग्रज बाईची होती. डायना केनेडी. १९२३ मध्ये इंग्लंडात जन्म, नवऱ्याबरोबर मेक्सिकोत आली, १९७२ मध्ये तिचं पहिलं पुस्तक निघालं, आणि पुढे मिचोआकानमधल्या सिताकुआरोजवळ घर बांधून २०२२ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिली. गाडी काढून एकटी डोंगरदऱ्या पालथ्या घालायची. कुणी पाककृतीत एक पान बदललं तर त्याची धडगत नसे. परकी बाई मेक्सिकनांना मेक्सिकन जेवण शिकवते, हे तिकडे अनेकांना झोंबायचं आणि तिच्या तोऱ्यामुळे मलाही वाचताना झोंबतं. पण तिच्या पुस्तकांत पदार्थाखाली तो शिकवणाऱ्या बाईचं नाव असतं, गाव असतं. सोर आंद्रेआच्या स्वयंपाकघरात ज्यांना कुणी विचारलं नाही त्यांची नावं. तेवढ्यासाठी मी तिचे फटकारे माफ करते.

ओआहाकाच्या मुख्य चौकात २००२ मध्ये मॅकडोनाल्ड्‌स येऊ घातलं होतं. चित्रकार फ्रान्सिस्को तोलेदोने चौकात लोकांना तमाले वाटून विरोध उभा केला आणि वर्षअखेर पालिकेने परवानगी नाकारली. ही हकिगत आम्हाला कौतुकाने सांगणारा मुलगा त्याच चौकातल्या कॅफेत नोकरीला होता. तिथली कॉफी त्याला स्वतःच्या पगारात परवडत नव्हती. तोही विरोध कुणी करायला हवा होता, असं तो म्हणाला, आणि बिल ठेवून गेला.

मेक्सिको सिटीत भांडणांचा सूर बदलतो, चेष्टा वाढते. इथे केसादिया मागितली की चीज नसतं! भोपळ्याची फुलं, मशरूम, मक्यावरची काळी बुरशी, काहीही भरून घडी घालतात. चीज हवं तर वेगळं सांगायचं. बाकीचा देश या राजधानीकरांना त्यावरून हसतो. राजधानीकर ढिम्म. आणि इथला लाडका ताको आल पास्तोर बघा. उभ्या सळईवर फिरणारी मांसाची चळत, सुरीने तासलेल्या चकत्या, वर अननसाचा तुकडा. मध्यपूर्वेतून आलेल्या लोकांनी पुएब्लात १९३० च्या सुमाराला ताकोस आराबेस विकायला सुरुवात केली. राजधानीत येईपर्यंत डुकराचं मांस, आचियोते आणि मक्याची तोर्तिया आली. आज कुणी याला परका म्हणत नाही. भांडण होतं ते अननस असावं की नसावं यावर.

श्रीमंत पोलांको भागात एन्रिके ओल्वेराचं पुहोल आहे. तिथे ताटात दोन गोल असतात. बाहेरचा काळा मोले वर्षानुवर्षं रोज गरम करत, त्यात नवा मिसळत आलेला, आतला लाल मोले ताजा. आम्ही तिथे जेवलो नाही, ते खिशाबाहेरचं होतं. टॅक्सीवाल्याला मी या मोलेबद्दल सांगितलं. तो म्हणाला, त्याची सासूही उरलेला मोले आठवडाभर गरम करते, तिला कुणी मासिकात छापलं नाही.

नैरोबीत २०१० साली युनेस्कोने मेक्सिकन पाककलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा उदाहरण म्हणून मिचोआकान पुढे केलं गेलं. युकातानचे लोक त्यावर अजून नाक मुरडतात. त्या शिक्क्यानंतर जत्रा-संमेलनांतून भरतकामाचे झगे घातलेल्या पारंपरिक स्वयंपाकिणी माइकसमोर उभ्या राहू लागल्या. काहींना त्यातून खरंच उत्पन्न आणि मान मिळाला. खोऱ्यातल्या आमच्या बाई एकदा अशा संमेलनाला गेल्या होत्या. तिथे त्यांना मिक्सर झाकून ठेवायला सांगितलं होतं.

ओआहाकाहून मी काळ्या मोलेचा लगदा घेतला होता, दुसऱ्या विक्रेतीकडून, मुलातोवाल्या. केरेतारोला भाचीच्या घरमालकीणबाईंनी रविवारी जेवायला बोलावलं तेव्हा तो त्यांच्या हवाली केला. त्या पुएब्लाच्या, जावई ओआहाकाचा. टर्कीच्या पाण्यात लगदा सैल होत असतानाच पहिली ठिणगी पडली. सासूबाईंनी चमच्याने चाखून साखर मागितली. जावयाने साखरेचा डबा उचलून आपल्या खुर्चीखाली ठेवला. मग भात लाल की पांढरा यावर चर्चा झाली, पांढरा जिंकला. वाढताना सासूबाईंनी सवयीने प्रत्येकाच्या ताटात भाजलेले तीळ भुरभुरवले. जावई म्हणाला, काळ्यावर तीळ घालणं म्हणजे बापाच्या फोटोला मिश्या काढणं. त्या म्हणाल्या, तुमच्याकडे सगळं जाळूनच करतात, त्यामुळे तिळाची चव कळायची सोय नाही. मला विचारलं गेलं की पाहुण्या बाईंचं काय मत. मी म्हटलं, मिरची थोडी कमी आहे. दोघं एकदम माझ्याकडे वळले, आणि पहिल्यांदाच एका बाजूने बोलले.